तीन दिवस विचारायचं नाही

वक्फनामा नव्या विश्वस्तांना वाचून दाखवायचा असतो, पण सर्वांत जुने विश्वस्त हाजी बहजत यांनी तो कधी वाचला नाही. त्यांना तो पाठ होता. काल रात्री काय जेवलात ते विचारलं तर सुनेच्या तोंडाकडे बघणारा हा म्हातारा, वक्फ करून गेलेल्या सित्त बहियाच्या, म्हणजे बहियाबाईच्या, अटी मात्र डोळे मिटून, एका दमात म्हणायचा. त्या दिवशीही त्यांनी डोळे मिटले आणि समोरचे दोघे नवे विश्वस्त परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले.

"माझी संत्र्यांची बाग आणि बाजारातली दुकानं मी देवाच्या नावानं सोडली. त्यांच्या उत्पन्नातून सैदा शहरातल्या विधवांना दर शुक्रवारी रोटी आणि पोरक्या मुलींना शिक्षण. आणि माझ्या घराच्या माडीवरची समुद्राकडची खोली माझ्या रशीदसाठी. तिथे बिछाना घातलेला असावा, दाराला आतून-बाहेरून कडी नसावी, आणि संध्याकाळचं ताट झाकून ठेवलेलं असावं, तो येईपर्यंत. तो, किंवा त्याच्या वतीनं जो कुणी येईल तो. आणि जो येऊन त्या बिछान्यावर बसेल त्याला तीन दिवस नाव, गाव, कुठून आलास, काहीही विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," नाझिक म्हणाली.

"कबूल," मुन्झिरही म्हणाला. "पण हाजी, रशीदसाहेब आता शंभरी ओलांडून पुढे गेले. आले तरी त्यांना खोलीपेक्षा माझा दवाखानाच जास्त लागेल."

हाजी हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. रशीदला तुर्कांच्या फौजेनं नेलं ते पहिल्या महायुद्धात. तेव्हा शिपाई दारोदार फिरून पोरं उचलत, आणि गेलेली पोरं कुठल्या वाळवंटात पडली ते कुणालाच कधी कळलं नाही. सित्त बहिया मरेपर्यंत त्या माडीवर बसून समुद्राकडे बघत राहिली. मेल्यावरही तिनं वाट बघणं सोडलं नाही. ते काम विश्वस्तांच्या गळ्यात घालून गेली. सैद्यात त्या घराला गेलेल्याचं घर म्हणत, आणि संध्याकाळनंतर बायका त्या गल्लीतून जरा पाय उचलून चालत.

विश्वस्त तिघेच. एका वर्षात दोन म्हातारे गेले, म्हणून हे दोघे आले. मुन्झिर आखातात इमारती बांधून पैसेवाला होऊन परतलेला, चाळिशीचा, मोठ्या आवाजाचा आणि तेवढ्याच मोठ्या हाताचा. त्याला या घरात गरिबांसाठी दवाखाना काढायचा होता. खर्च सगळा त्याचा. या गल्ल्यांमधल्या बायका तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन चढाव चढत पार नव्या शहरापर्यंत जात, हे त्यानं लहानपणी आपल्या आईच्या कडेवरून पाहिलं होतं. तेव्हा हेतूत खोट काढायला जागा नव्हती. घोडं अडलं होतं ते एका अटीपाशी. काझी म्हणत होता, तिघा विश्वस्तांनी एकमतानं साक्ष द्यावी की रशीद मेला. मग खोली मोकळी.

"म्हणजे शनिवारी बसू, सह्या करू, झालं," मुन्झिर म्हणाला. "खाला, तुमची तर काही हरकत नाही ना?"

खाला म्हणजे मावशी; नाझिकला तो तसं म्हणे. हाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

हाजी तिला उम्म बासिम, बासिमची आई, म्हणत. सगळं सैदाच म्हणे. मुलाच्या नावानं आईला हाक मारायची ही रीत एरवी किती गोड. पण बासिमला यादवी युद्धात एका नाक्यावर गाडीतून उतरवलं त्याला आता पंधरा-सोळा वर्षं होत आली होती. एकोणीस वर्षांचा होता. कुणी म्हणे इथल्याच टोळीनं नेला, कुणी म्हणे सीमेपलीकडच्या तुरुंगात पाठवला. नाझिक शाळेत भूगोल शिकवायची. मुलींना नकाशावर नद्या दाखवताना तिचं बोट सीमेपाशी आलं की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. आता ती निवृत्त झाली होती, पण रस्त्यात, भाजीवाल्याकडे, हमामात दिवसातून कितीदा तरी कुणीतरी तिला त्या नावानं हाक मारायचं, आणि दर वेळी तिला वळून बघावं लागायचं.

"त्या खोलीसाठीच तू ही खुर्ची घेतलीस," तिची धाकटी बहीण इन्साफ संध्याकाळी म्हणाली. दोघी एकाच घरात राहत. "मला शिकवू नकोस. तिथे रशीद 'मेला' म्हणून सही करणार नाहीस आणि इथे बासिमसाठीही करणार नाहीस. अगं, एक दिवस शोकाच्या चार खुर्च्या मांडू, कडू कॉफी देऊ, शेख येऊन कुराणातल्या दोन आयती म्हणेल. त्या पोरालाही सुटल्यासारखं वाटेल."

"कुठून सुटल्यासारखं?"

"असं वाकड्यात शिरू नकोस गं ताई."

"मी सरळच विचारतेय. कुठे आहे ते तुला माहीत असेल तर सांग. मी चप्पल घालते."

इन्साफनं तोंड फिरवलं आणि भांडी आपटायला घेतली. तिचंही काळीज होतंच, पण ते तिच्या हातात उतरायचं. त्या घरात कपांना कान उरले नव्हते.

नव्या विश्वस्तानं पहिला आठवडा स्वतःच्या हातांनी तो बिछाना घालायचा आणि ताट ठेवायचं अशी त्या वक्फची रीत होती. एरवी ते काम हाजींची सून करी. मुन्झिरनं पहिल्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती एक अख्खी भाजलेली कोंबडी आणि कोकाकोलाची बाटली पाठवून दिली आणि आपण रीत पाळली असं जाहीर केलं. बाकीचे दिवस नाझिकच्या वाट्याला आले. तिची तक्रार नव्हती.

ती पहिल्यांदा माडीवर गेली तेव्हा चांगलं दुपारचं ऊन होतं. खोली लहान. पलंगही लहान, पोरगेल्या अंगाच्या मुलाचा. दाराला कडी नसल्यामुळे समुद्रावरचा वारा ते सारखं ढकलायचा. दार उघडायचं, थोडा वेळ थांबायचं, आणि परत मिटायचं. नाझिकनं चादर झटकली, उशीचा अभ्रा बदलला. पाठ दाराकडे होती. दार उघडलं की तिला वाटे, कुणीतरी आत येऊन उभं राहिलं आहे आणि आपलं काम होईपर्यंत अदबीनं थांबलं आहे. ती वळून बघत नव्हती. भीती नव्हे, वळून बघायचं आणि कुणी नसायचं, याची तिला इतकी सवय होती की आता ते नकोसं झालं होतं.

"घातला रे बाबा बिछाना," ती मोठ्यानं म्हणाली. रशीदला म्हणाली की आणखी कुणाला, तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ती झाकून ठेवलेलं ताट न्यायला गेली तर ते रिकामं होतं. रोटी संपलेली, चीजचा कणही नाही. मांजर असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण ताटाच्या कडेला ऑलिव्हच्या बिया एकाशेजारी एक, सरळ ओळीत मांडून ठेवल्या होत्या. बिछान्यावर मधोमध एक खळगा होता. तिनं त्यावर हात ठेवला आणि तो गार आहे की कोमट हे कळायच्या आत उचलून घेतला. सित्त बहियाचं भूत असेल का, रशीदचं असेल का, असले विचार भूगोलाच्या मास्तरणीच्या डोक्यात जिना उतरताना येऊन गेले, आणि त्यातल्या एकाचीही तिला लाज वाटली नाही.

त्याच्या पुढच्या दुपारी ती गेली तेव्हा तो तिथे होता.

बिछान्याच्या अगदी कडेला बसला होता. ती आत येताच उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांवर ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. बुटाच्या आवाजावर शरीरच तसं वळलं होतं.

नाझिकला तेवढं पुरेसं होतं. त्या हिवाळ्यात सीमेपलीकडच्या तुरुंगांतून काही माणसं सोडली होती. बासिमचा फोटो पर्समध्ये घालून ती त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी जाऊन आली होती, आणि दार उघडलं की ती माणसं अशीच उभी राहत. त्यांच्या बायका ओशाळून म्हणत, बसा, ते वळतील हळूहळू. काही जण बोलत, काही नुसते रडत. बासिमला कुणी ओळखलं नव्हतं. आणि हा एक तिथून आलेला माणूस, कुणाच्याही घरचा नसलेला, तिच्या हातच्या बिछान्यावर येऊन बसला होता, आणि त्याला तीन दिवस काही विचारायचं नव्हतं. तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल म्हटलं होतं.

"बस," ती कशीबशी म्हणाली. "जेवण आणलंय."

तो बसला. पन्नाशीचा दिसत होता, पण त्या माणसांचं वय चेहऱ्यावरून कळत नाही. ताटाभोवती डावा हात कुंपणासारखा धरून तो भराभर जेवला. नाझिक दारात उभी होती. तिची पर्स तिच्या खांद्याला होती आणि पर्समध्ये फोटो होता. तिनं पर्सची चेन धरून ठेवली होती, जशी काही ती आपोआप उघडली असती.

ती तडक हाजींच्या घरी गेली. सगळं सांगितलं. हाजींनी जपमाळ थांबवली.

"कुणीतरी बसथांब्यावर सांगितलं असेल त्याला," ते म्हणाले. "ज्याला कुणी नाही त्याला लोक आपलं घर दाखवतात. पूर्वीही येत. नाव विचारत नाहीत म्हणून येत."

"हाजी, मला एकच विचारायचंय. एकच."

"तीन दिवस थांब, उम्म बासिम."

"आणि तिसऱ्या दिवसाआधी निघून गेला तर?"

हाजींनी जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी एक आला होता. पांढरी दाढी, एका पायानं लंगडा, बोलण्यात तुर्की शब्द. दोन रात्री राहिला. खिडकीत बसून समुद्राकडे बघत असायचा. वडिलांनी शब्द पाळला, काही विचारलं नाही. तिसऱ्या सकाळी गेले तर खोली रिकामी. तो रशीद होता की नव्हता, देव जाणे. पण वडील मरताना माझा हात धरून एकच म्हणत होते, विचारायला हवं होतं रे, विचारायला हवं होतं."

"मग मला का अडवता?"

"मी अडवत नाही. अट सांगतोय. वडिलांनी अट मोडली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही."

त्या रात्री नाझिकच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून तिनं बाजारातून मुलूखियाची जुडी आणली, पानं खुडली, बारीक चिरली आणि कोथिंबीर-लसणाची फोडणी दिली. वासानं इन्साफ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिथेच खिळली. बासिम गेल्यापासून त्या घरात मुलूखिया शिजली नव्हती. त्याला ती इतकी आवडायची की कढई पुसून खायचा.

"कुणासाठी?" इन्साफनं विचारलं.

"पाहुण्यासाठी."

"ताई," इन्साफ म्हणाली. एवढं बोलणारी बाई, पण तिनं मुकाट्यानं डबा काढून दिला आणि झाकण घट्ट लावून दिलं.

तो तसाच कडेला बसला होता. तिच्या चाहुलीनं उठला, वळला, उभा राहिला. बस म्हटल्यावर बसला. जेवला. ताट पुसून खाल्लं. आणि ते ताट पुसणं बघताना नाझिकचा धीर सुटला. अट, शब्द, हाजींचे वडील, सगळं एका बाजूला राहिलं.

"पोट भरलं?" तिनं विचारलं.

"हो."

त्याचा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला. बारीक, घाईचा.

"अजून वाढू?"

"हो."

तिनं वाढलं. तो खात राहिला, आता सावकाश, मोठ्या कष्टानं. तिच्या ते लक्षात यायला हवं होतं. पण तिचे डोळे त्याच्यावर होते कुठे? तिनं फोटो काढला होता. पांढऱ्या शर्टातला बासिम, समुद्राच्या काठावर, डोळे उन्हानं बारीक केलेले.

"या मुलाला कुठे पाहिलंस का?"

त्यानं फोटोकडे पाहिलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो."

नाझिक खाली जमिनीवरच बसली. एवढी घरं फिरली, एवढी दारं वाजवली, तो शब्द तिला कुणी दिला नव्हता.

"तिथे? आत पाहिलंस?"

"हो."

"जिवंत आहे?"

"हो."

ती रडायला लागली. तिनं त्याचा हात धरला, कपाळाला लावला, त्यावर ओठ टेकले. त्या क्षणी कुणी तिच्याकडे तिचं घर, तिचे डोळे, काहीही मागितलं असतं तर तिनं हसत दिलं असतं. त्यानं हात हळूच सोडवून घेतला आणि पाठीमागे नेला.

"कधी पाहिलंस? यंदा?"

"हो."

"की खूप वर्षांपूर्वी?"

"हो."

तिचं रडणं थांबलं. तीस वर्षं तिनं मुलींना प्रश्न विचारले होते. फळ्यासमोर उभी राहिलेली मुलगी काही न समजता नुसती मास्तरणीच्या चेहऱ्यावरून उत्तर काढते, ते तिला लांबून कळायचं. तिनं तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण आईच्या तोंडाला कोण आवरणार?

"मेला का तो?"

"हो." आवाज तोच. ना वर, ना खाली.

दार वाऱ्यानं उघडलं आणि थोड्या वेळानं मिटलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता; तो आला की त्याचंही उत्तर देऊन टाकायचं, म्हणजे मार लवकर थांबतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. आणि नाझिकनं, सगळं समजल्यावर, अगदी स्वच्छ समजल्यावर, तरीही विचारलं.

"तू बासिम आहेस?"

"हो."

त्याचे डोळे काळे होते. बासिमचे मधाच्या रंगाचे. हा त्याच्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी मोठा होता, बुटका होता, कुणा दुसऱ्या बाईचा मुलगा होता. नाझिकला हे सगळं दिसत होतं, आणि तरी तिनं तो शब्द लगेच परत दिला नाही. थोडा वेळ तिनं तो ठेवून घेतला. पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदा तिनं कुणालातरी बासिम म्हटलं होतं आणि समोरून ओ मिळाली होती. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. तो शहारला, पण हलला नाही.

मग तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट काढून घेतलं, कारण काढलं नसतं तर तो खातच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिघे खालच्या खोलीत बसले. मुन्झिरनं नकाशा आणला होता. टेबलावर पसरून त्यानं तपासणीची खोली, औषधांची खोली, बायकांना बसायची जागा, सगळं बोटानं दाखवलं. माडीवर त्याला बाळंतिणींसाठी दोन खाटा टाकायच्या होत्या. मग त्यानं पेन काढलं.

"बोला हाजी. रशीद, अल्ला त्याला जन्नत देवो."

"वर माणूस आहे," हाजी म्हणाले. "मला कळलं आहे, यालाही कळायला हवं. उम्म बासिम, आहे ना?"

"आहे."

"कोण?" मुन्झिरनं विचारलं.

"सित्त बहियानं ज्याच्यासाठी बिछाना घातला होता, तो," नाझिक म्हणाली.

मुन्झिर खदखदून हसला. "शाबास! म्हणजे रशीद आला? आत्ता? नकाशा काढल्यावर? थांबा, भेटून येतो. शंभर वर्षांचा माणूस मी अजून पाहिला नाही."

"मुन्झिर, तो दिसला त्याचा तिसरा दिवस अजून संपलेला नाही," हाजी म्हणाले. पण तो जिन्यात पोचला होता. त्याच्या वजनानं पायऱ्या करकरल्या. वरची जमीन लाकडाची. खाली बसलेल्या दोघांना शब्द न शब्द ऐकू आला.

"काय रे बाबा! इकडे बघ. तू रशीद का?"

"हो."

"बहियाचा मुलगा?"

"हो."

मुन्झिरचं हसू ऐकू आलं. "तुर्कांच्या फौजेतून आलास? इतकी वर्षं चालत?"

"हो."

"खोटं बोलतोस माझ्याशी?"

"हो."

"मग देऊ का दोन ठेवून?"

"हो."

मग काहीच ऐकू आलं नाही. हाजींनी नाझिककडे पाहिलं. तिची नजर नकाशावर होती, बाळंतिणींच्या खाटांवर. जिना परत करकरला, पण आता एकेक पायरी थांबून. मुन्झिर आत आला आणि खुर्चीवर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी थट्टेनं म्हटलं, खाला," तो म्हणाला. "देवाशपथ थट्टेनं. त्यानं सदरा वर केला आणि पाठ केली माझ्याकडे." त्यानं हाताच्या तळव्यांनी चेहरा चोळला. "पाठ पाहिलीत का तुम्ही त्याची?"

नाझिकनं मानेनंच नाही म्हटलं.

"तू त्याला विचारलं होतंस?" हाजींनी हळूच नाझिकला विचारलं. "तुझ्या मुलाचं?"

"विचारलं."

हाजींनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना जे कळायचं ते कळलं होतं. त्यांची जपमाळ गुडघ्यावर पडून राहिली, आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. वडिलांच्या त्या मरतानाच्या शब्दांनी त्यांना आयुष्यभर छळलं होतं. विचारलं असतं तर काय झालं असतं, ते आता समोर बसलं होतं.

"मला रीतीप्रमाणे विचारावं लागेल," शेवटी ते म्हणाले. "रशीद मेला अशी साक्ष देता?"

मुन्झिरनं पेनाला टोपण लावलं. "मला नका विचारू हाजी. दवाखाना खालीच करू. बाळंतिणींच्या खाटा मी शेजारचं घर विकत घेऊन टाकतो. वर हात लावायचा नाही. आणि डॉक्टर आला की पहिल्यांदा वर पाठवू. पण बोलायचं नाही म्हणून बजावून."

"उम्म बासिम?"

"मलाही नका विचारू," नाझिक म्हणाली.

तिसरा दिवस संपला. रीतीप्रमाणे आता नाव-गाव विचारायला हरकत नव्हती. पण कुणी विचारलं नाही, आणि तो माणूस त्या खोलीतच राहिला. त्याच्याशी बोलताना नाझिक प्रश्न टाळायला शिकली. जेव. झोप. ऊन चांगलं पडलंय. पाण्याचा तांब्या इथे आहे. एवढ्यात भागतं, हे तिला आधी कधी कळलं नव्हतं.

पण त्या शनिवारी ती घरी पोचली तेव्हा इन्साफ दारातच उभी होती. गल्लीत बातमी तिच्या आधी येऊन बसली होती: उम्म बासिमनं गेलेल्याच्या घरातल्या माणसाला मुलाचं विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं. इन्साफच्या हाताला पीठ लागलं होतं. शेजारणीही आपापल्या दारांत होत्या, कान टवकारून.

"ताई, विचारलंस ना त्याला? बोलला ना तो?" इन्साफनं तिचे दोन्ही खांदे धरले. "जिवंत आहे ना गं आपला बासिम?"

"हो," नाझिक म्हणाली.

इन्साफनं किंचाळून तिला मिठी मारली. पलीकडच्या दारातून एका बाईनं आनंदाचा स्वर काढला, तो दुसरीनं उचलला, आणि अख्खी गल्ली त्या आवाजानं भरून गेली. मग इन्साफ मागे सरली. बहिणीचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला, पीठ लागलं तरी सोडला नाही, आणि त्यात बघत राहिली.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "खरं सांग मला. गेला का तो?"

"हो," नाझिक म्हणाली.